१७ वर्षांच्या बॅरल रेसिंगच्या घोड्याची किंमत किती सांगावी?

तुमचा प्रश्न असा: टेक्सासमध्ये राहता, मुलगी कॉलेजला निघाली, तिचा १७ वर्षांचा क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा (खच्ची केलेला) अजून बॅरल रेसिंगमध्ये (तीन पिंपांना वळसे घालत घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत) बक्षिसं आणतोय. पाच वर्षांपूर्वी १८ हजार डॉलरला घेतला होता. आता एक जण २५ हजार सांगा म्हणतो, दुसरा ५ हजारांत देऊन टाका म्हणतो. खरं कुणाचं?

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं गिऱ्हाईक आहे. मी हे सगळं तीन वर्षांपूर्वी केलंय, आणि आधी चुकीचं केलंय. आमचा घोडा तेव्हा १६ वर्षांचा. मी पडलो आयटीवाला, त्यामुळे मुलीनं जिंकलेल्या पैशांची एक्सेलमध्ये बेरीज केली आणि १५ हजार ठरवले. चार महिने जाहिरात तशीच पडून. फोन यायचे, वय ऐकलं की 'कळवतो' म्हणून ठेवायचे.

माझी चूक ही की मी त्याच्या मागच्या कमाईची किंमत लावत होतो. घेणारा पुढची वर्षं विकत घेतो. १७ वर्षांचा घोडा बघून तो मनात हिशेब करतो: अजून तीन वर्षं पळेल, की पाच? त्यात औषधपाणी किती? आणि पळणं थांबलं की पुढची आठ-दहा वर्षं याला कुरणात कोण सांभाळणार? क्वार्टर हॉर्स २५-३० वर्षं जगतो, हे तुम्ही विसरलात तरी घेणारा विसरत नाही. घोडी असती तर वेताची तरी आशा दाखवता आली असती. इथे तीही नाही.

कुणीतरी स्कॅम्पर या गाजलेल्या बॅरलच्या घोड्याचं नाव काढेलच. त्याची स्वार शार्मेन जेम्स हिनं त्याच्यावर १९८४ ते १९९३ अशी सलग दहा जागतिक विजेतेपदं जिंकली, शेवटचं जिंकलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. १९८५ मध्ये लास व्हेगासला धावता धावता लगाम निसटला तरी पठ्ठ्यानं फेरी जिंकून दिली. खरं आहे सगळं. पण स्कॅम्परच्या नावावर आपला घोडा विकता येत नाही.

आता वेळेबद्दल. 'आमचा घोडा १५.४ मध्ये पळतो' असं नुसतं लिहू नका, त्याला अर्थ नाही. बॅरलची मांडणी नियमाप्रमाणे पूर्ण असली (पहिल्या दोन बॅरलमध्ये ९० फूट, तिथून तिसऱ्यापर्यंत १०५) तर चांगला घोडासुद्धा १७ सेकंदांच्या आसपास घेतो. रिंगण लहान असलं तर तोच घोडा १४-१५ मध्ये येतो. त्यामुळे त्या दिवशीच्या सर्वात वेगवान घोड्याच्या किती मागे होता, ते लिहा. शर्यतीत वेळेनुसार गट पडतात: अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर वनडी (पहिला गट), अर्ध्या ते एकच्या मध्ये टूडी, त्यापुढे थ्रीडी. गेल्या वर्षभरातल्या सलग दहा धावा द्या, बॅरल पाडून पाच सेकंदांचा दंड बसला तीही धरून. निवडक तीन दिल्या की जाणकार लगेच ओळखतो.

पण म्हाताऱ्या घोड्याचं खरं गिऱ्हाईक वनडीवालं नसतंच. ज्यांना मोठं जिंकायचंय ते आठ-दहा वर्षांचा घेतात. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि काळजीत असलेली तिची आई. तिला हवा असतो शिकवणारा घोडा: रिंगणात शिरताना दारात उभा राहून नखरे न करणारा, ट्रेलरमध्ये एकटा चढणारा, पोरीनं चूक केली तरी बॅरलभोवतीची वाट न सोडणारा. हे गुण असतील तर वयाचा तोटा बराच भरून निघतो. दारात अडत असेल तर मात्र वेग कितीही असो, किंमत निम्मी समजा.

उरला डॉक्टर. खरेदीआधीची तपासणी होणारच. आमच्या वेळी घेणाऱ्यांच्या डॉक्टरनं मागचा पाय उचलून, हॉकचा (मागच्या पायाच्या मधला) सांधा घट्ट दुमडून मिनिटभर धरला, आणि सोडल्या सोडल्या दुडकीनं पळवायला सांगितलं. पहिली पाच-सहा पावलं डावा पाय आखडत पडला, मग सुटा झाला. माझ्या पोटात गोळा. ज्या मुलीसाठी घोडा घेत होते तिच्या आईनं एवढंच विचारलं, 'हॉकमध्ये इंजेक्शन शेवटचं कधी दिलं?' मी फाइल पुढे केली: वर्षातून एकदा इंजेक्शन, नालबंदाची तारीखवार बिलं, जुने एक्स-रे, कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीच्या रक्ततपासणीचा) कागद. तिनं गाडीच्या बॉनेटवर ठेवून पान-पान वाचलं आणि म्हणाली, 'निदान काय घेतोय ते तरी कळलं.' आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघतात, अंगावरचे भोवरे बघतात. इथे बिलं बघतात.

सौदा साडेआठ हजारांना झाला. लगामाची तोंडात बसणारी जुनी कडी मी वर फुकट दिली, कारण घोडा तिलाच सरावलेला होता. कागदावर एक अट घातली: पुढे विकायचा झाला तर आधी आम्हाला विचारायचं.

तर तुमच्याबद्दल. पाय साफ असतील, औषध वर्षातून एका इंजेक्शनापुरतं असेल, घोडा टूडीत सातत्यानं येत असेल आणि लहान मुलांना चालत असेल, तर मी १२ हजार सांगेन आणि दहाला सोडेन. पुढच्या खुरात नॅव्हिक्युलरचा (खुरातल्या छोट्या हाडाचा) त्रास निघाला किंवा महिन्या-महिन्याला काही टोचावं लागत असेल, तर ५ हजारवालाच बरोबर. अशा वेळी विकण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या मुलीला वर्षभर भाड्यानं द्यायचा विचार करा, घोडा तुमचाच राहतो.

म्हणजे किंमत ठरवायच्या आधी तुमच्याच डॉक्टरकडून दुमडून-पळवून बघायची चाचणी आणि चारही पायांचे एक्स-रे करून घ्या. पैसे जातील, ते जाऊ द्यात. आणि जाहिरातीत आकडा लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलेलं दिसलं की मी स्वतःसुद्धा पुढे सरकतो.