टीयूएम की आरडब्ल्यूटीएच : मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी

तुमचा प्रश्न असा : मेकॅनिकलचं बीई, सीजीपीए 8.2, जर्मन भाषा ए2 पर्यंत (सहा पातळ्यांतली दुसरी). जर्मनीतली दोन तांत्रिक विद्यापीठं, म्युनिकचं टीयूएम चांगलं की आखेनचं आरडब्ल्यूटीएच? नाव म्हणून दोन्ही तोलामोलाची आहेत. रँकिंगमधल्या दहा-वीस क्रमांकांच्या फरकाने जर्मनीतल्या कंपनीतलं कुणी तुम्हाला जास्त पगार देत नाही. फरक पडतो तो पैशाने आणि भाषेने.

टीयूएमने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्सला विषयानुसार सेमिस्टरला 4000 किंवा 6000 युरो. 6000 धरले तर चार सेमिस्टरचे 24,000. प्रोजेक्ट, इंटर्नशिप, थीसिस यांत पाचवं सेमिस्टर लागणं अगदी नेहमीचं आहे. त्याचे आणखी 6000 आत्ताच हिशोबात धरा. फीमाफी आणि शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या मिळतीलच असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

मग आखेन फुकट? इथेच बरेच जण फसतात. आरडब्ल्यूटीएचच्या नेहमीच्या कार्यक्रमांना फी नाही, फक्त तीनशेच्या थोडं वर सेमिस्टर शुल्क, त्यात प्रवासाचं तिकीटही आलं. पण फाहरत्सॉयगटेक्निक (वाहन तंत्रज्ञान) किंवा प्रोडुक्त्सिओन्सटेक्निक (उत्पादन तंत्रज्ञान) यांसारखे मेकॅनिकलचे नेहमीचे मास्टर्स जर्मनमधून चालतात. त्यासाठी जर्मन भाषेच्या परीक्षा द्याव्या लागतात : डीएसएच-2 किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत 4, म्हणजे जवळपास सी1 (पाचवी पातळी). इंग्रजीतले बरेच कार्यक्रम आरडब्ल्यूटीएच इंटरनॅशनल अकादमीमार्फत चालतात आणि त्यांना दर सेमिस्टरला काही हजार युरो लागतात. तेव्हा विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका, कार्यक्रमाच्या पानावर भाषा आणि फी दोन्ही पाहा. ए2 वरून सी1 ला वर्षभर तरी जातं, तेही रोज अभ्यास केला तर.

घरभाडं हा दुसरा मोठा खड्डा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992. आखेनमध्ये शेअर फ्लॅटमधली खोली चारशे-साडेचारशेत मिळते, तेव्हा काटकसरीने 992 पुरतात. म्युनिकमध्ये खोलीच सातशे-आठशेच्या घरात जाते आणि आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, म्हणजे जेवणाआधीच खिसा रिकामा. तिथे नोकरी लागेपर्यंतचे जादा पैसे हाताशी ठेवूनच जा.

नोकरीचं म्हणाल तर शिकताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम त्यात मोजत नाहीत. बीएमडब्ल्यू आणि सीमेन्स म्युनिकमध्ये आहेत हे खरं, पण आखेनला फ्राउनहोफरच्या संशोधन संस्था, आरडब्ल्यूटीएचची मशीन टूल्सची प्रयोगशाळा डब्ल्यूझेडएल आणि इंजिन-वाहन क्षेत्रातली कंपनी एफईव्ही आहेत. मॅन्युफॅक्चरिंग किंवा इंजिन-वाहन हा विषय असेल तर तिथली संस्थेतली कामं जास्त उपयोगी पडतात, असं माझं मत.

तुमच्या 8.2 चं जर्मन गुणांत रूपांतर असं : कमाल गुणांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, 3 ने गुणा, 1 मिळवा. किमान 4 असेल तर 1.9 येतं, 5 असेल तर 2.08. म्हणून किमान उत्तीर्ण गुण स्पष्ट लिहिलेलं पत्र विद्यापीठाकडून आत्ताच घ्या. सोबत प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जमवा : गणित, मेकॅनिक्स, थर्मो यांची क्रेडिट कमी पडली तर गुण चांगले असूनही अर्ज नाकारला जातो. चार वर्षांच्या 160 क्रेडिटचे साधारण 240 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट) होतात, म्हणजे दीडपट.

एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची तपासणी) भारतीयांना 2022 च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. कॉलेज कोणतं ठरतंय याची वाट न पाहता त्याचा अर्ज आधी टाका, कारण ते दोन्हीकडे चालतं आणि उशीर झाला की मुदत निघून जाते.