फ्लॅशची चौकट कोरी दिसत असेल तर
जुन्या शैक्षणिक संकेतस्थळावर ॲनिमेशनच्या जागी नुसती करडी चौकट दिसत असेल, तर ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नका. अशी ॲनिमेशन बहुधा फ्लॅश या जुन्या तंत्रज्ञानावर चालत; ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमध्येच फ्लॅश चालणे बंद केले. ‘फ्लॅश अपडेट करा’ असे सांगणाऱ्या खिडकीवर कृपया क्लिक करू नका, तिच्यामागे मालवेअर असण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी फ्लॅश फाइल चालवून दाखवणारे रफल हे ब्राउझरचे मुक्तस्रोत एक्स्टेन्शन घ्या, पान रिफ्रेश करा आणि चौकटीवर राइट-क्लिक केल्यावर मेनूत रफलचे नाव येते का, हे पाहा. नाव येऊनही चौकट कोरीच राहिली, तर फाइल ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा) मधली असू शकते, कारण तिथे रफल अजून अपुरे पडते. जावा ॲपलेटसाठी (वेबपानात चालणारे जावा भाषेतले छोटे प्रोग्रॅम) मात्र रफलचा उपयोग नाही.