दोघांपुरता खिमा, एकाच कढईत

प्रश्न: ताई, आम्ही दोघंच टिळकवाडीत राहतोय, ड्युटीवरनं यायलाच 8 वाजतात. एका भांड्यात खिमा-भात करायला गेले की खिम्याला पाणी सुटून गोळे होतात, काय करू?

उत्तर: अगं, कढई तापायच्या आधीच टाकत असशील! पाव किलो मटण खिमा चाळणीत निथळू दे, पसरट कढईत तेल कडक तापव, खिमा पसर आणि 2 मिनिटं हलवूच नको, पाणी सुटलं तरी झाकायचं नाही, आटलं की उलथन्यानं गोळे फोड. मग कांदा, आलं-लसूण, ब्याडगीचं तिखट, मीठ, थोडं पाणी, झाकून 20 मिनिटं. वर भिजवलेला वाटीभर तांदूळ, 2 वाट्या गरम पाणी, बारीक गॅसवर 15 मिनिटं. बेळगाव बासमती असला तर वासच वेगळा, पण रोजच्याला कुठलाही चालतोय की.