सीसी चालू करूनही अक्षरं दिसत नाहीत? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: बाबांना ऐकू कमी येतं म्हणून सीसी (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवायची सोय) आहे हे बघूनच नवा टीव्ही घेतला. पण सेट टॉप बॉक्स जोडला की टीव्हीच्या मेनूत सीसीचा ऑप्शन करडा होतो, निवडताच येत नाही. केबल बदलून बघितली, फरक नाही. टीव्ही परत करावा का?

उत्तर: नका करू, टीव्ही चांगला असणार. कॅप्शन चित्रात छापलेली नसतात, ती सिग्नलबरोबर वेगळा डेटा म्हणून येतात आणि कुणीतरी तो डेटा वाचून त्याची अक्षरं करावी लागतात. आता एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज जातो, कॅप्शनचा डेटा जातच नाही, म्हणजे तो बॉक्सपाशीच थांबतो आणि टीव्हीला वाचायला काही मिळतच नाही, म्हणून तो ऑप्शन करडा. बॉक्सच्या रिमोटवरून सेटिंगमध्ये जा, सबटायटल किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी असं काहीतरी सापडेल, तिथे चालू करा, मग बॉक्स स्वतःच अक्षरं चित्रावर काढून पाठवतो. टीव्हीचा सीसी कामाला येतो तो अँटेना थेट टीव्हीला लावला असेल तेव्हा.

हा घोळ होतो कारण आधी खरंच टीव्हीच हे काम करायचा. अमेरिकेतल्या जुन्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये पडद्यावर न दिसणाऱ्या २१व्या ओळीत, दर फ्रेमला फक्त दोन बाइट, असा हा डेटा जायचा, एका ओळीत ३२ अक्षरं आणि पडद्यावर १५ ओळींची जागा, बस. तिथे १९९० मध्ये कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या टीव्हीत डीकोडर, म्हणजे हा डेटा वाचून अक्षरं करणारा भाग, असणं सक्तीचं झालं. मला हा कायदा फार मोठा वाटतो, कारण त्याआधी कर्णबधिर माणसाला डीकोडरचा वेगळा डबा विकत घ्यावा लागायचा.

बॉक्समध्ये चालू करूनही काही आलं नाही तर दुसरा चॅनेल लावून बघा. तिथे दिसलं तर पहिला चॅनेल बहुतेक डेटा पाठवतच नाही, तिथे तुमचा कुठलाच मेनू उपयोगाचा नाही.

प्रश्न: आमच्याकडे सबटायटल येतात पण अक्षरं मोठी होत नाहीत. आईला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत.

उत्तर: सबटायटल कशी पाठवलीयत त्यावर आहे हे. डीव्हीबी (भारतात आणि युरोपात वापरली जाणारी डिजिटल प्रसारणाची पद्धत) यात बहुतेक वेळा अक्षरांचं छोटं चित्रच येतं, त्यामुळे टीव्ही ते जसंच्या तसं दाखवतो, आकार-रंग काही बदलत नाही. याचा फायदाही आहे, देवनागरीतली जोडाक्षरं नीट दिसतात कारण टीव्हीत तो फाँट असायची गरजच नाही. अमेरिकन डिजिटल टीव्हीच्या ७०८ स्टँडर्डमध्ये मात्र मजकूर मजकूर म्हणूनच येतो, तिथे प्रेक्षक आकार, रंग, मागची पट्टी हवी तशी करू शकतो. माझं स्पष्ट मत आहे की जिथे शक्य आहे तिथे मजकूरच पाठवावा, कमी दिसणाऱ्या माणसाला ऐकूही कमी येत असेल तर त्याने काय करायचं? तोच कार्यक्रम अ‍ॅपवर असेल तर तिथे बघा, अ‍ॅपमध्ये बहुतेकदा आकार बदलता येतो.

प्रश्न: सिनेमाची एसआरटी फाइल (सबटायटलची वाक्यं आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकुराची फाइल) सुरुवातीला बरोबर असते, शेवटी वाक्यं मिनिटंच्या मिनिटं मागे पडतात. सुरुवातीची वेळ पुढेमागे करून काही होत नाही.

उत्तर: होणारच नाही, कारण चूक सुरुवातीची नाही, वेगाची आहे. फाइल सेकंदाला २४ फ्रेमच्या कॉपीवरून केलेली आणि तुमची कॉपी २५ फ्रेमने पळणारी, की तासाभराचा सिनेमा ५७ मिनिटं ३६ सेकंदात संपतो, दोन तासांच्या सिनेमात वाक्यं जवळपास पाच मिनिटं मागे. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेमरेट बदलायची सोय असते, २४ वरून २५ करा, सगळ्या वेळा ०.९६ पटीत येतात. आणि एका तासात साधारण साडेतीन सेकंदांचाच फरक पडत असेल तर २९.९७ आणि ३० चा गोंधळ आहे, ड्रॉप फ्रेम टाइमकोड (घड्याळाशी वेळ जुळावी म्हणून फ्रेमचे काही क्रमांक गाळून मोजायची पद्धत) धरला का ते बघा.

मराठीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. एसआरटीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीयत (यूटीएफ-८ ही त्यातलीच एक), हे लिहायची सोयच नाही, प्लेअर अंदाज करतो. प्रश्नचिन्हं फाइलमध्येच सेव्ह झालेली असतील तर मूळ फाइल पुन्हा मिळवावी लागेल.

प्रश्न: थेट बातम्यांची कॅप्शन इतकी उशिरा का?

उत्तर: कारण ती त्याच क्षणी कुणीतरी तयार करतंय. एकतर स्टेनोच्या मशीनवर टाइप करतात नाहीतर ऐकलेलं स्पष्ट उच्चारात पुन्हा बोलून सॉफ्टवेअरला ऐकवतात, त्यात काही सेकंद जाणारच. रेकॉर्डेड कार्यक्रमाला ही सबब चालत नाही. अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली प्रसारणावर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये चार गोष्टी ठरवल्या, मजकूर अचूक हवा, आवाजाशी जुळणारा हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत हवा आणि चेहरा किंवा महत्त्वाची माहिती झाकणारा नको, आणि थेट कार्यक्रमाला त्यात थोडी सवलत ठेवली. तक्रार करताना याच चारपैकी काय बिघडलंय ते लिहा, चॅनेल, तारीख आणि वेळ टाका, म्हणजे तपासणाऱ्याला ते रेकॉर्डिंग काढून बघता येतं.