954 चं उत्तर 956 मध्ये

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. जगाचा इतिहास वाचायला घेतलास, पहिल्याच जाडजूड ग्रंथात मेसोपोटेमियापाशी अडकलीस, आणि आता 'क्रमानं कुठली दहा पुस्तकं वाचू' असं विचारतेस. यादी मी देणार नाही. तीस वर्षं वाचनालयात काढली. यादी खिशात घालून आलेले पुष्कळ पाहिले. दुसऱ्या पुस्तकानंतर त्यातले बहुतेक फिरकले नाहीत.

त्यापेक्षा एक काम कर. येत्या रविवारी टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी जाऊन ये. डिसेंबर 1924 मध्ये इथं बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले, तेही उभ्या आयुष्यात एकदाच. हे तुला शाळेपासून पाठ आहे. आता पुढचं विचार. त्यांच्या आधी अध्यक्ष कोण होते? मौलाना महंमद अली, 1923 ला काकिनाड्यात. खिलाफत चळवळीचे पुढारी. आणि ज्या खिलाफतीसाठी, म्हणजे तुर्कस्तानातल्या खलिफाच्या गादीसाठी, हिंदुस्थानात एवढं रान उठलं होतं, ती 1924 च्याच मार्चमध्ये खुद्द तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेनंच रद्द करून टाकली होती. म्हणजे बेळगावात मांडव पडण्याआधीच चळवळीचा एक खांब तिकडे अंकाराला निखळला होता. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या आमच्या ड्युई पद्धतीत भारताचा इतिहास 954 ला, तुर्कस्तान 956 ला. मध्ये फक्त इराण. दोन फडताळांत हातभर अंतर, पण ते ओलांडणारे वाचक मी बोटांवर मोजावेत इतकेच पाहिले.

म्हणून सुरुवात मेसोपोटेमियापासून नको. आपल्या गल्लीतला एखादा प्रश्न घे आणि तो कुठल्या कपाटाशी नेतो ते बघ.

पुस्तक हातात आलं की आधी मुखपृष्ठामागचं पान उघडायचं. कुठं छापलंय, कधी, मूळ भाषा कुठली, अनुवाद कुणाचा. आमच्याकडे मॉस्कोत छापलेली पुस्तकं होती, स्वस्त आणि बांधणीला दणकट. पाठीमागच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्क्यावर शिक्के, चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली. 1991 ला सोव्हिएत संघ मोडला आणि शिक्के थांबले. मग ओल, कसर, जागेची टंचाई... शेवटी मीच ती रद्दीत घातली. किलोवर. पुस्तकातली आकडेवारी खोटी ठरली असेल, पण एक राज्य स्वतःबद्दल काय सांगत होतं याचा तो पुरावा होता, हे मला उशिरा सुचलं. आज कुणी मागितलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही.

एक नकाशासंग्रह मात्र वाचवला. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे सालाचा पत्ता नाही. दुपारी शाळेची पोरं यायची, एकानं विचारलं होतं, "सर, ह्यात बांगलादेश खट्टे गेला?" तिथनंच खेळ सुरू झाला. पाकिस्तान दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे 1971 च्या आधीचा. आपलं राज्य त्यात 'म्हैसूर' आहे, पण नाव 1973 ला बदललं, त्याचा इथं उपयोग नाही. महाराष्ट्र आहे, म्हणजे 1960 नंतरचा. टांझानिया आहे, म्हणजे सुरुवातीची हद्द 1964 वर आली. आफ्रिकेकडे नीट बघितलंस तर अजून आवळता येते. तारखा पाठ करण्यात वर्ष घालवण्यापेक्षा अशी एक दुपार घालव.

आता जरा नाजूक गोष्ट. सीमाभागातली आपण माणसं. 1956 पासूनचा प्रश्न घराघरात आहे, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे कुठल्याही देशाचं वाचताना आपण आधी शोधतो, यातले 'आपले' कोण. मीही शोधले. बेल्जियममधल्या लूव्हेनचं विद्यापीठ भाषेवरून फुटलं. 1968 ला त्यापायी सरकार पडलं, फ्रेंच विभागाला नवं गाव वसवून जावं लागलं. ग्रंथालयाची वाटणी कशी केली? विषम क्रमांकाची पुस्तकं एकाला, सम क्रमांकाची दुसऱ्याला! हेच ग्रंथालय 1914 ला आणि पुन्हा 1940 ला युद्धात जळालं होतं. दोनदा राखेतून उभं केलं, आणि मग स्वतःच्याच हातांनी चिरलं. वाचून मला दोन रात्री धड झोप नव्हती. पण आपण यात कोण, फ्लेमिश (म्हणजे तिथले डच बोलणारे) की फ्रेंच, हे काही ठरेना. देशात फ्लेमिश जास्त, तरी पिढ्यानुपिढ्या मान फ्रेंचला. आपलं माप तिथं बसतच नव्हतं. माप बसेना तेव्हा कुठे मी ते पुस्तक पुस्तक म्हणून वाचायला लागलो.

त्याच ओघात ऑलंड बेटांचं शोध. माणसं स्वीडिश बोलणारी, मन स्वीडनकडे, आणि 1921 ला राष्ट्रसंघानं बेटं ठेवली फिनलंडमध्ये, पण भाषेची हमी देऊन. निकाल पटो न पटो, हमीची कलमं बारकाईनं वाच.

आणि कन्नड वाचता येतं ना तुला? मग सरकारी ग्रंथालयात जायला लाजू नको. कित्तूरच्या 1824 च्या लढाईवर एक कन्नड पुस्तक नि एक मराठी शेजारी ठेवून वाच. घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय कर तुझे बाबा भरतातच, ती कपाटंही आपल्या पैशातलीच.

पाऊस उघडला की ये. नकाशासंग्रह काढून ठेवतो. तुझं साल शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिही. आधी तिघांनी लिहिलंय, तिघांचं वेगवेगळं आहे.

तुझा,
काका