कोड्यातली परी कुठं लपली? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण, सगळे फॅन्टसी कादंबऱ्यांचे वेडे. महिन्यातून एकदा जमतो आणि आमच्यातल्याच कुणीतरी बनवून आणलेलं गूढ शब्दकोडं मिळून सोडवतो, सगळी उत्तरं जादूच्या दुनियेतली. पण सगळ्यात कमी वाचलंय ते मी. दोन अक्षरं दिसली की बाकीचे उत्तर सांगून मोकळे होतात आणि मी नुसती बघत बसते. आधी सगळी पुस्तकं वाचून काढू का?

पुस्तकं वाचा, पण आवडतात म्हणून वाचा, कोड्यासाठी थांबून राहू नका. गूढ क्लूची गंमतच ही आहे की त्यात उत्तराकडे जायच्या दोन वाटा असतात, एक सरळ अर्थाची आणि दुसरी शब्दाच्या मोडतोडीची, आणि दोघींमधला सांधा कुठं आहे ते बनवणाऱ्यानं लपवलेलं असतं. सरळ अर्थ क्लूच्या सुरुवातीला तरी असतो नाहीतर शेवटाला, मध्ये कधीच नाही, एवढं धरून ठेवलं तरी अर्धं काम होतं. ज्यांनी पुस्तकं वाचलीत ते पहिल्या वाटेनं येतात, तुम्ही दुसरीनं या.

एक सोपा घ्या : ‘जादू वापरीत लपलेली पंखवाली (२)’. कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं. ‘लपलेली’ हा शब्द सांगतोय की उत्तर समोरच आहे, शोधा. ‘वापरीत’ची पहिली आणि शेवटची अक्षरं झाका, आत परी बसलीय.

आता जरा वरचा. ‘वेळेत थोडक्यात तारीख घाला, तो पाठीवर बसून गोष्ट सांगेल (३)’. हा आमच्या ग्रुपमध्ये आला तेव्हा सगळ्यात जास्त वाचलेली मैत्रीण काळात मागे-पुढे जाणाऱ्या कादंबऱ्या आठवत बसली, एकामागून एक नावं काढत होती, आणि जी कधीमधी येते तिनं कागदावर नुसतं ‘वेळ’ लिहिलं, दोन अक्षरांच्या मध्ये बोट ठेवलं आणि विचारलं की तारीख थोडक्यात म्हणजे आपण अर्जावर ‘ता.’ लिहितो तेच ना? वे, ता, ळ. मग विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ सगळ्यांनाच दिसला, पण काढला तिनं.

तुमच्या ग्रुपला माझा निरोप सांगा : ज्याला उत्तर आलं त्यानं फोडही सांगायची, नाहीतर चौकोनात लिहायचं नाही. आमच्याकडे हा नियम आल्यापासून नुसतं उत्तर फेकणं बंद झालं, कारण उत्तर पटकन सुचतं पण ते का बरोबर आहे हे सांगताना भलेभले अडकतात आणि मग बाकीच्यांना डोकं चालवायला वेळ मिळतो.

प्रश्न : आमच्यात भांडण झालंय, निकाल द्या. क्लू होता ‘फास उलटला आणि चेटकिणीच्या तोंडून बाहेर पडला (२)’. उत्तर ‘शाप’. बनवणारा म्हणतो फास म्हणजे पाश, पाश उलटा केला की शाप. मी म्हणतो पाश उलटा केला की ‘शपा’ होतं, शाप नाही. कोण बरोबर?

तुम्ही. आणि हे भांडण क्षुल्लक नाहीये, मराठीत गूढ कोडं बनवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आज ना उद्या येतोच. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं, त्यामुळे उलटं करणं सरळ असतं. आपल्याकडे चौकोनात बसतं ते काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर. पा आणि श यांची अदलाबदल केली की काना पा बरोबरच जायला हवा. तुमच्या मित्रानं काना जागेवर ठेवून खालची व्यंजनं तेवढी फिरवली. कल्पना छानच आहे, मला आवडली, पण मग क्लूमध्ये तसं सांगायला हवं होतं. ‘काना न हलवता फास उलटला’ असं काहीतरी असतं तर मीही मान्य केलं असतं.

इंग्रजी गूढ कोड्यांच्या जगात हा न्याय-अन्यायाचा वाद फार जुना आहे. १९४९ साली आफ्रिट या टोपणनावानं कोडी करणाऱ्या ए. एफ. रिची यांनी तो एका वाक्यात मिटवला, त्याचा भाव असा की मी जे बोलतो ते माझ्या मनात असेलच असं नाही, पण जे मनात आहे ते मला बोलावंच लागेल. म्हणजे दिशाभूल करा, हवी तेवढी करा, पण शब्दशः वाचणाऱ्याला रस्ता सापडलाच पाहिजे. (आफ्रिट म्हणजे अरबी गोष्टींतला बलाढ्य जिन, आणि तीच अक्षरं त्यांच्या ए. एफ. रिची या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीलाच लपलीत. फॅन्टसी आणि कोडं एकाच नावात! मला हे कळलं तेव्हा दिवसभर मी भेटेल त्याला सांगत होते.)

अख्खी अक्षरं फिरवूनही मराठीत सुंदर शब्द निघतात हो. ‘रोग उलटला, खजिन्याचा राखणदार झाला (२)’, क्षय उलटा यक्ष. ‘बुटक्याला उलट बाजूनं नमवा (३)’, नमवा उलटा वामन. हा दुसरा मला स्वतःला इतका आवडतो की कुठं वापरायचा ते ठरवत मी तो कित्येक दिवस जपून ठेवला होता.

भाषा बदलली की खेळ बदलतो हे हॅरी पॉटरच्या अनुवादकांना चांगलंच माहीत. मूळ इंग्रजीत, १९९८ च्या दुसऱ्या भागात, टॉम मार्व्होलो रिडल या खलनायकाच्या नावाची अक्षरं हलवली की ‘मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे’ असं इंग्रजी वाक्य तयार होतं. फ्रेंचमध्ये तसं होईना म्हणून तिथं त्याचं नाव टॉम एल्व्हिस जेदुसोर केलं, त्यातून फ्रेंच वाक्य निघतं. नाव बदललं, पण कोड्याशी प्रामाणिक राहिले.

प्रश्न : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या जादूगाराचं नाव गॅन्डाल्फ लिहायचं की गँडाल्फ? चौकोन किती धरायचे?

चौकोन दोन्हीत तीनच, जोडाक्षराला एकच घर. अडचण येते ती उभ्या शब्दाशी, कारण एकात मधलं घर ‘न्डा’चं आणि दुसऱ्यात ‘डा’चं. बनवणाऱ्यानं परदेशी नावांचं आपलं लेखन कोड्याच्या वर लिहून टाकावं. आणि खरं सांगू का, नावं कमीच घ्या, आपल्याकडे वेताळ, यक्ष, हडळ, राक्षस, किमया असा खजिना पडलाय.

प्रश्न : क्लू वाचला की माझ्या डोळ्यासमोर चित्रच उभं राहतं, मग त्यातून बाहेर पडता येत नाही. काय करू?

मोरियाचं दार आठवा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागात, म्हणजे १९५४ मध्ये आलेल्या, बंद दगडी दारावर एल्फांच्या भाषेत ओळ कोरलेली असते आणि गँडाल्फ ती वाचतो : बोल मित्रा, आणि आत ये. तो धरून चालतो की मित्र असेल त्याला परवलीचा शब्द ठाऊक असणार, म्हणून आठवतील ते सगळे मंत्र म्हणून बघतो, दार ढिम्म. खरं तर ओळीचा अर्थ होता ‘मित्र’ असं बोल आणि आत ये. एल्फांच्या भाषेतला ‘मेलॉन’, म्हणजे मित्र, एवढा एक शब्द उच्चारला आणि दार उघडलं. हा अगदी अस्सल गूढ क्लू आहे, विरामचिन्हानं फसवणारा! त्या ओळीचा अर्थ काय, हा बरोबर दिशेचा प्रश्न कादंबरीत विचारतो तो गँडाल्फचा सोबती मेरी, अख्ख्या टोळीत ज्याच्याकडून कुणी अशी अपेक्षाच केली नसती तो. पहिल्या पत्रातल्या ताईंनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तुम्ही असं करा, क्लू मोठ्यानं वाचून घ्या, मग विरामचिन्हं खोडा आणि एकेक शब्द सुटा लिहा, शक्यतो उभ्या ओळीत. वाक्य मोडलं की चित्र पण मोडतं. दुसऱ्या कुणाला वाचायला लावलं तर अजून बरं, तो वेगळ्या ठिकाणी थांबतो आणि तिथंच सांधा दिसतो.

प्रश्न : पुढच्या वेळी कोडं बनवायची पाळी माझी आहे. अमक्या राजाच्या घोड्याचं नाव काय, असे क्लू चालतील?

ती माहितीची परीक्षा झाली. ‘हॉबिट’ कादंबरीत नायक बिल्बो आणि गुहेतला गॉलम यांची कोड्यांची चढाओढ लागते, त्यात बिल्बो शेवटी गॉलमला विचारतो की माझ्या खिशात काय आहे, तेव्हा गॉलम चिडतो, हे कोडंच नाही म्हणतो, आणि १९३७ पासून आजपर्यंत वाचणारे त्यावर वाद घालतायत. मला गॉलमचं म्हणणं पटतं. ज्यातून उत्तरापर्यंत पोचायला वाटच नाही ते विचारू नये.

उलटीकडून सुरुवात करा. आधी उत्तराचा शब्द घ्या, अक्षरं सुटी लिहा, कुठं तुटतो बघा. जादूगार मध्येच तुटतो, जादू आणि गार. मग ‘जादू थंड पडली तरी दाढीवाला काठी घेऊन उभाच (४)’. तलवार पण तुटते, तल आणि वार. माया तुटत नाही पण तिचे अर्थ दोन, ‘आईची असते, मायावी राक्षसाचीही (२)’. हा क्लू मात्र मी जरा दुरुस्त करायला सांगेन, कारण ‘मायावी’मध्ये उत्तर आयतंच दिसतंय, तिथं ‘कपटी’ घाला. पहिल्या खेपेला आठ-दहा शब्दांचंच करा, आणि ग्रुपला देण्याआधी अशा एकाला दाखवा ज्यानं त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. तो कुठं अडकतो तिथं पेन्सिलनं खूण करा. अर्थ कळत नाही म्हणून अडकला तर हरकत नाही, पण फोड समजावून सांगितल्यावरही त्याचा चेहरा तसाच राहिला तर तो क्लू परत लिहायला घ्या.