तिप्पट वजनाने की संख्येने?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ७५० बेसपेअर (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) लांबीचे जनुक पीयूसी१९ या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतील डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवते आहे. व्हेक्टर (वाहक प्लाझ्मिड) आणि इन्सर्ट (बसवायचे जनुक) १:३ प्रमाणात घ्यावेत असे वाचून मी ५० नॅनोग्रॅम व्हेक्टरला १५० नॅनोग्रॅम इन्सर्ट घेतले, पण प्लेटवर पांढऱ्या, म्हणजे जनुक बसलेल्या जिवाणूंच्या, वसाहती दोन-चारच आल्या. हिशेब चुकला का?

उत्तर: हो, चुकला. १:३ हे प्रमाण वजनाचे नसून रेणूंच्या संख्येचे असते. किलोभर बोरे आणि किलोभर पेरू यांचे नग सारखे भरत नाहीत, तसेच हे आहे. पीयूसी१९ ची लांबी २,६८६ बेसपेअर, म्हणजे तुमच्या इन्सर्टच्या साडेतीन पटींहून अधिक असल्यामुळे दोन्ही सारख्या वजनाने घेतले तरी इन्सर्टचे रेणू तितक्याच पटीने जास्त पडतात. तुम्ही तर वजनच तिप्पट केले, त्यामुळे प्रमाण जवळपास १:११ झाले. इतक्या गर्दीत व्हेक्टरच्या दोन टोकांना दोन वेगळे इन्सर्ट चिकटण्याची शक्यता वाढते, आणि मग वर्तुळ पूर्ण होत नाही.

व्हेक्टरच्या वजनाला इन्सर्टच्या लांबीने गुणावे, व्हेक्टरच्या लांबीने भागावे आणि आलेल्या उत्तराची तिप्पट करावी. ५० गुणिले ७५० भागिले २,६८६ म्हणजे सुमारे १४. त्याची तिप्पट ४२ नॅनोग्रॅम. कापताना निघून गेलेला पन्नासेक बेसपेअरचा तुकडा या हिशेबात सोडून दिला तरी चालेल.

समजा व्हेक्टर मायक्रोलिटरला २५ आणि इन्सर्ट १५ नॅनोग्रॅम आहे, तर व्हेक्टर २, इन्सर्ट २.८, दहापट तीव्रतेचे बफर २ आणि टी४ लायगेज (डीएनएची टोके जोडणारे विकर) १ मायक्रोलिटर घेऊन पाण्याने एकूण २० मायक्रोलिटर करावे. मात्र जेलमधून काढलेल्या डीएनएत ग्वानिडीनचे क्षार उरले असतील, तर त्याचे शोषणांक, म्हणजे प्रकाश किती शोषला यावरून डीएनए मोजण्याचे आकडे, फसवे ठरू शकतात. म्हणून मोजलेल्या आकड्यावर विसंबून न राहता दोन्ही नमुने मार्करसोबत (तुलनेसाठीच्या ज्ञात डीएनएसोबत) जेलवर चालवून पट्ट्यांची तीव्रता पाहावी.

सगळा दोष प्रमाणावर टाकू नये, कारण १:११ लाही थोड्याफार वसाहती मिळतात. बफरमधील एटीपी (लायगेजला लागणारा ऊर्जास्रोत) वारंवार गोठवण्या-वितळवण्याने खराब होतो, त्यामुळे बफर नवे आल्याबरोबर लहान नळ्यांत वाटून ठेवावे, आणि पुढच्या वेळी न कापलेल्या पीयूसी१९ ची एक प्लेट सोबत लावावी. तीही रिकामी राहिली, तर लायगेशनऐवजी (डीएनए जोडण्याच्या क्रियेऐवजी) प्लाझ्मिड घेणाऱ्या तुमच्या जिवाणू-पेशींकडे किंवा प्लेटमधील अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या मात्रेकडे बघा.